आकडा कुणाचा?

बाबांचं डोंबिवलीचं घर सात महिने विकलं जात नव्हतं. वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आम्ही ६२ लाख सांगत होतो, आणि घर बघायला येणारे ५४च्या वर सरकत नव्हते. बाबा गुडघ्यांमुळे आता माझ्याकडे पुण्यात असतात. व्यवहारासाठी त्यांचं कुलमुखत्यारपत्र माझ्या नावावर आहे. त्यामुळे एजंट एकदा सहज म्हणाला, "ताई, सही तुमचीच आहे. काकांना कशाला विचारत बसता?"

मला मोह झाला, हे कबूल करते.

पण आधी एजंटचं गणित बघा. त्याचं कमिशन एक टक्का. किंमत आठ लाखांनी उतरली तर आमचे आठ लाख जाणार, त्याचे फक्त आठ हजार. त्याची घाई खोटी नव्हती, पण ती त्याची होती. दुसरा कुणी घाई करतोय म्हणून किंमत उतरवू नये, एवढं मला पटलं होतं.

मग कधी उतरवावी?

डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अर्थतज्ज्ञांनी बॉस्टनमधल्या फ्लॅट्सच्या विक्रीचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. ज्यांना घेतल्या किमतीपेक्षा कमी मिळणार होतं, ते मालक किंमत चढी सांगत आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहत. बाजाराला मात्र तुम्ही घर कितीला घेतलं होतं, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आमचा तर तोटाही नव्हता. १९८९मध्ये बाबांनी ते घर दीड लाखाला घेतलं होतं. त्यांची तुलना वेगळीच होती. त्यांच्या ऑफिसातल्या मित्राचा त्याच गल्लीतला फ्लॅट ६२ला गेला होता. त्या इमारतीला लिफ्ट आहे, हे बाबा सोयीस्करपणे विसरायचे. आणि त्या आकड्यात आणखीही बरंच काही होतं. घरासाठी मोडलेल्या आईच्या पाटल्या, ज्या पुन्हा कधी झाल्या नाहीत. लोकलच्या दारात लटकून काढलेली वर्षं. किंमत कमी करणं म्हणजे त्यांच्या लेखी हे सगळं कमी करणं होतं.

एका रविवारी एक जोडपं आलं. मुलीने जिने मोजले. खिडकीपाशी उभी राहून ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "उजेड छान आहे ना?" त्यांची मर्यादा ५४ होती. रात्री मी मोबाईलवर हिशेब केला. वरचे आठ लाख त्यांनी साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले असते, तर महिन्याला जवळपास सात हजारांचा हप्ता जादा पडला असता. एकूण साडेसोळा लाखांच्या वर. उजेडाचे पैसे त्यांनी द्यावेत, स्टेशन जवळ असल्याचे द्यावेत. पण माझ्या आईच्या पाटल्या त्यांनी का सोडवायच्या?

मला उत्तर मिळालं ते इथे. आकड्यातला जो भाग घेणाऱ्याला मिळणारच नाही, तो त्याच्याकडून मागायचा नाही. तेवढा उतरवायचा.

पण तो भाग माझा नव्हता, बाबांचा होता. त्यांच्या पाठीमागे तो उतरवणं म्हणजे त्यांच्या आयुष्याचा हिशेब त्यांना न विचारता बंद करणं. सही माझी चालली असती, तरी ते योग्य नव्हतं.

म्हणून त्यांना सगळं सांगितलं, हप्त्याच्या हिशेबासकट. आठ-दहा दिवस ते त्या विषयावर बोललेच नाहीत. मग एका संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "आम्हीही बिल्डरला पाच हजार कमी करायला लावले होते. त्याचं कसं भागतं, हे कुठे विचारलं होतं?" थोड्या वेळाने म्हणाले, "५५ सांग."

मी त्या जोडप्याला फोन केला. त्यांनी चारच दिवसांपूर्वी दुसरीकडे टोकन दिलं होतं. बाबांना विचारण्यात गेलेल्या दिवसांची ही किंमत. ती मला मान्य आहे.

घर अजून आमच्याकडेच आहे. फोन येतात. आकडा सांगितला की समोरचा विचारतो, "कमी नाही होणार का?" मी सांगते, "थोडं होईल. बाबांना विचारून सांगते."