दिवाळखोराची यादी

दिवाळें या शब्दाची एक व्युत्पत्ति अशी सांगतात कीं, पूर्वीं ज्या व्यापाऱ्यास देणें देववत नसे तो आपल्या पेढीवर भर दिवसां दिवा लावून बसत असे. धनकोंनीं तो दिवा पाहावा व काय तें समजावें. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, तींतील चित्र आम्हांस मोठें मार्मिक वाटतें. रात्रीचा दिवा भोंवतालच्या वस्तु दाखवितो. भर दुपारच्या दिव्यानें दिसतो तो केवळ लावणारा. आपण बुडालों हें त्यानें चारचौघांत आपण होऊन सांगितलेलें असतें. पुढें हाच शब्द शिवी झाला, आणि ज्यानें दिवा लावला तो व ज्यानें रातोरात पेढीस कुलूप ठोकून पोबारा केला तो, अशा दोघांनाही आपण एकाच नांवानें ओळखूं लागलों. हा भाषेनें केलेला अन्याय आहे असें आमचें मत आहे.

हे विचार मनांत येण्यास निमित्त घडलें तें असें. २०२४ सालच्या पावसाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं, आपणांबरोबर वकिलाकडे येण्याची आम्हांस गळ घातली. गृहस्थांचा मुंबईंत लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकें, शाळांच्या प्रश्नपत्रिका हीं त्यांचीं कामें. २०२० सालच्या साथींत तीं बंद पडलीं व पुढें पुरतीं परत आलींच नाहींत. यंत्राचे हप्ते मात्र चालू राहिले. एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जांतून भरावयाचा, अशा रीतीनें चार वर्षें काढल्यावर एकंदर देणें ३१ लाखांवर येऊन ठेपलें.

वकील निवडावा कसा, हाच पहिला प्रश्न. आपल्याकडे वकिलांस जाहिरात करण्याची मनाई आहे. तेव्हां ऐकीव माहितीवरच भिस्त. पहिल्या वकिलांनीं एकही कागद न पाहतां दहा मिनिटांत "काळजी करूं नका, सगळें मिटवून टाकूं," असें आश्वासन दिलें व आपल्या फीचा आंकडा सांगितला. गृहस्थांस फार हायसें वाटलें. आम्हांस वाटलें नाहीं. रोग न विचारतां औषध देणाऱ्या वैद्याची आपण जी किंमत करतों तीच अशा वकिलाची करावी. दुसऱ्या एक वकीलबाई होत्या. त्यांच्या कारकुनानें फोनवरच लांबलचक यादी सांगितली. धनकोंचीं नांवें, पत्ते व रकमा. कोणत्या कर्जास काय तारण. तीन वर्षांचे बँकेचे उतारे व आयकराचीं विवरणपत्रें. आलेल्या नोटिसा व झालेले हुकूमनामे. कोणास जामीन राहिलां असल्यास तो कागद. आणि गेल्या दोनतीन वर्षांत जें कांहीं विकलें, गहाण टाकलें किंवा दुसऱ्याच्या नांवें करून दिलें त्याचे दस्त. "हें झाल्याशिवाय येऊं नका, बाईंचा व तुमचा वेळ फुकट जाईल," अशी वर पुस्ती. या रोखठोकपणानेंच आमचें मन त्या बाजूस वळलें.

वकिलाची फी देखील वस्तुतः धनकोंच्याच पैशांतून जाणार, हा विचार गृहस्थांस बोचत होता. तो बोचावाच, परंतु घराची वांटणी करतांना मोजणीदाराचा खर्च सगळ्या भावांवर बसतो, तसाच हा आहे. तुरुंगाची भीतिही त्यांच्या मनांत होती. ती मात्र बरीचशी निराधार होती. केवळ दारिद्र्यामुळें देणें देतां येत नाहीं एवढ्यासाठीं ऋणकोस दिवाणी तुरुंगांत घालतां येत नाहीं, त्याची लबाडी दिसावी लागते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालींच दिला आहे. भाषा जो भेद विसरली तो न्यायालयानें लक्षांत ठेवला, म्हणावयाचा.

यादी करण्यास गृहस्थ एका रात्रीं आपल्या घरीं बसले. आम्ही शेजारीं होतों. बँक, कागदाचे व्यापारी, शाईवाला, जागेचें भाडें हीं नांवें भराभर उतरलीं. लेखणी अडली ती दोन ठिकाणीं.

पहिलें ठिकाण बदलापूरच्या खोलीचें. मार्च २०२३ मध्यें, म्हणजे सतराच महिन्यांपूर्वीं, ती त्यांनीं बक्षीसपत्रानें पत्नीच्या नांवें करून दिली होती. लग्नास पंचवीस वर्षें झालीं त्याची ही भेट, असें त्यांनीं घरांत सांगितलें होतें. निबंधकाच्या कचेरींत वहिनींनीं दाखविलें तेथें सही केली होती. आतां तीच खोली "मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता" या सदरांत लिहावयाची होती. मुंबई शहरांतील ऋणकोस लागू असलेला कायदा १९०९ सालचा, व बाहेरच्या जिल्ह्यांतील ऋणकोस १९२० सालचा. २०१६ सालीं नवी संहिता झाली खरी, पण व्यक्तींविषयींचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलांत आला तो केवळ कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरता. या जुन्या कायद्याप्रमाणें, मोबदला न घेतां दिलेली वस्तु, देणारा दोन वर्षांच्या आंत दिवाळखोर ठरला तर धनकोंच्या हितासाठीं परत घेतां येते. जातां जातां सांगण्यासारखें म्हणजे, त्याच १९०९ च्या मूळ कायद्यानें दिवाळखोराचीं हत्यारें, कपडेलत्ते, अंथरूण, स्वयंपाकाचीं भांडीं व सामानसुमान मिळून तीनशें रुपयांपर्यंतची चीजवस्तु त्यास सोडली होती. तेवढ्यांत आतां घरांतील एक प्रेशर कुकर तरी सुटेल कीं नाहीं, शंकाच आहे.

"हें वकिलास सांगितलें तर कोर्टांत जाईल," असें गृहस्थ म्हणूं लागले. त्यांची समजूत चुकीची होती. वकिलानें आपल्या पक्षकाराचें बोलणें त्याच्या संमतीवांचून उघड करूं नये, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता व १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यांतही आहे. अपवाद आहे तो बेकायदा हेतु साधण्यासाठीं केलेल्या बोलण्याचा. इंग्लंडांत १८८४ सालीं याचा निकाल लागला. हुकूमनामा झालेल्या एका ऋणकोनें व त्याच्या भागीदारानें, जप्तींतून माल कसा वांचवावा हें आपल्या वकिलास विचारलें होतें, व पुढें मागची तारीख घालून कागद केला होता. तें बोलणें न्यायालयानें गुप्त मानलें नाहीं. म्हणजे काल केलेली चूक सांगण्यास वकिलाची खोली सुरक्षित आहे. उद्यांची लबाडी योजण्यास नाहीं.

हें सर्व आम्हीं समजावून सांगितलें तरी लेखणी चालेना. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, अडचण न्यायालयाची नव्हतीच. परक्या वकिलाजवळ मनुष्य वाटेल तें बोलूं शकतो. त्याचा आणि आपला संबंध फीपुरता. पण यादी घरांत होते, आणि ती वाचणारें पहिलें माणूस घरचेंच असतें. वहिनींनीं चहा आणून ठेवला, कागद वाचला, आणि एवढेंच म्हटलें, "म्हणजे तें माझ्यासाठीं नव्हतें." गृहस्थांनीं उत्तर दिलें नाहीं. थोड्या वेळानें त्यांनीं ती ओळ पुरी केली.

दुसरें ठिकाण त्याहून कठीण होतें. गृहस्थांच्या वडील भगिनी विधवा आहेत. यजमानांच्या भविष्यनिर्वाह निधींतून आलेल्या पैशांपैकीं चार लाख त्यांनीं भावास दिले होते. कागद नाहीं, व्याज नाहीं. गृहस्थ म्हणाले, "बँकेचे चार लाख गेले तर बँक उपाशी निजत नाहीं. ताई निजेल. तिचें नांव या यादींत नकोच. अर्ज करण्याच्या आधीं हिच्या बांगड्या मोडून तिचे पैसे मी देऊन टाकतों. मग काय तो कायदा लावा. तुम्हीच सांगा, यांत अधर्म कोणता?"

आम्हांस लागलेंच उत्तर देतां आलें नाहीं, आणि ज्यास लागलेंच देतां येईल त्याच्याविषयीं आम्हांस फारसा आदर वाटणार नाहीं. ज्या भावास अशा वेळीं बहीण आधीं आठवत नाहीं तो आमच्या मतें हीन मनुष्य होय. कायदा म्हणतो कीं, डोईजड झालेल्या ऋणकोनें, एकास झुकतें माप द्यावें या हेतूनें, अर्जाच्या आधींच्या तीन महिन्यांत कोणा धनकोचें देणें भागविलें तर तें रद्द होऊं शकतें; सर्व धनकोंस त्यांच्या त्यांच्या रकमेच्या प्रमाणांत सारखें मिळावें. हा कायदा बहिणीस ओळखत नाहीं. पण त्यानें तिला ओळखावें तरी कसें? यादींतला कागदाचा व्यापारी आम्हांस ठाऊक होता. दोन गडी ठेवून दुकान चालविणारा मनुष्य, महिन्याच्या उधारीवर माल देई. त्याच्याही घरीं कोणाची तरी ताई असेलच. प्रत्येक ऋणको आपल्या ताईस आधीं देऊं लागला तर ज्यांचा त्याच्याशीं रक्ताचा संबंध नाहीं त्यांनीं विश्वास ठेवावयाचा तो कशावर? आम्हीं गृहस्थांस म्हटलें तें असें: बहिणीचें ऋण तुमच्यावर आहे यांत संशय नाहीं, पण तें तुम्हीं आपल्या मालांतून फेडावयाचें, आणि आज तुमच्यापाशीं जें उरलें आहे तें तुमचें नव्हे, सगळ्यांचें आहे. दुसऱ्याच्या ताटांतून वाढलेलें पुण्य आपल्या खात्यावर पडत नाहीं.

"मग ताईस रुपयामागें चार आणे?" असें त्यांनीं विचारलें. आज तेवढेच, असें आम्हीं म्हटलें. न्यायालयानें पुढें ऋणमुक्त केलें म्हणजे उरलेलें देणें कोणास वसूल करतां येत नाहीं. पण तें आपखुषीनें देण्यास कोण मना करतो? अमेरिकेचे प्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन यांची प्रकाशनाची पेढी १८९४ सालीं बुडाली. साठीच्या घरांत असतां ते व्याख्यानें देत जगभर हिंडले, १८९६ च्या जानेवारींत मुंबईसही आले, आणि १८९८ पर्यंत त्यांनीं सर्व धनकोंचें देणें पुरतें फेडलें. ही गोष्ट आपल्याकडे सांगतात ती बहुधा अर्धी. पेढीस सर्वांत मोठें कर्ज खुद्द त्यांच्या पत्नीनें दिलेलें होतें, आणि त्यांच्या एका धनाढ्य मित्राच्या सल्ल्यानें ग्रंथांचे हक्क पेढी बुडतांना पत्नीच्या नांवें करण्यांत आले होते. म्हणजे तेथेंही घरच्या माणसास झुकतें माप मिळालें होतेंच. पुढें सर्वांचें देणें फिटलें म्हणून तें खपलें. तें फिटलें नसतें तर आज आपण त्याच व्यवस्थेस काय नांव दिलें असतें, हें आम्हांस सांगवत नाहीं. आणि गृहस्थ अजून फेडण्याच्या अलीकडच्या तीरावर उभे होते.

त्यांनीं त्या रात्रीं ताईंचें नांव लिहिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं ताईंस फोन केला, आणि तिसऱ्या दिवशीं त्या साताऱ्याहून आल्या. भावानें काय सांगितलें तें आम्हांस ठाऊक नाहीं. आम्ही गेलों तेव्हां यादी त्यांच्या हातांत होती व चष्मा कपाळावर. "चार लाख कसे?" त्या म्हणाल्या. "गणपतीच्या आधीं पंचवीस हजार परत पाठवलेस, तें विसरलास का? माझ्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवलें आहे. तीन लाख पंचाहत्तर लिही." गृहस्थांनीं आमच्याकडे पाहिलें. ते पंचवीस हजार तीन आठवड्यांपूर्वींचे, म्हणजे तीन महिन्यांच्या आंतले होते. आम्हीं मान हलविली. त्यांनीं चार लाखांवर रेघ मारली, तीन लाख पंचाहत्तर हजार लिहिले, आणि पुढच्या पानावर, बदलापूरच्या खोलीच्या खालीं, पंचवीस हजारांची रक्कम तारखेसह नोंदविली.

वकीलबाईंनीं ती यादी शांतपणें वाचली. दोन ओळींपुढें पेन्सिलीनें खूण केली. मग मान वर करून त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो गृहस्थांस नव्हे, वहिनींस: "यांतलें सगळें तुम्हांस ठाऊक आहे ना?"

"परवांपासून," वहिनी म्हणाल्या.