बाळाचे रूप कोणी निवडावे?

शास्त्रभाग : १ शमुवेल १६:१-१३



शमुवेल संदेष्टा शिंगात तेल भरून इशायाच्या घरी गेला, तेव्हा थोरल्या पुत्राचे रूप व उंची पाहून तो भुलला. परमेश्वराने त्यास थांबविले. सात पुत्र पुढून गेले. आणि ज्यास बोलावण्याचे बापासही सुचले नव्हते, तो रानात मेंढरांमागे होता. जेथे संदेष्ट्याची नजर चुकली, तेथे आईबापांची चुकणार नाही काय?

हा प्रश्न आता बोलण्यापुरता राहिला नाही. गर्भ आईच्या देहाबाहेर काचपात्रात तयार करितात, त्यातील काही पेशी काढून तपासतात, आणि पसंत पडेल तो गर्भ उदरात ठेवितात. २००९ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील एका दवाखान्याने बाळाच्या डोळ्यांचा व केसांचा रंग निवडून देऊ असे जाहीर केले. फार गवगवा झाला, तेव्हा तो बेत त्या वेळी मागे घेण्यात आला.

परंतु दूरच्या लोकांस आपण नावे ठेवू नयेत. आपल्या घरांत गरोदर सुनेस केशराचे दूध कशासाठी देतात? बाळ गोरे व्हावे म्हणून. केशराने रंग पालटत नाही; तो आईबापांकडून आलेल्या अनेक जनुकांवर अवलंबून असतो. दूध पौष्टिक आहे, ते खुशाल द्यावे; पण त्या पेल्यात जी इच्छा कालविलेली असते, तीच त्या दवाखान्याच्या दारी पैसे घेऊन उभी राहते. आणि आमच्या महाराष्ट्रात निवड याहून क्रूर झाली. मुलीचा गर्भ आहे असे कळताच तो पाडण्याचा प्रकार इतका वाढला की, १९८८ साली राज्यास व १९९४ साली देशास त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तरी २०११ च्या खानेसुमारीत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलांमागे राज्यात ८९४ व बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७ मुली भरल्या.

मग रोगासाठीही तपासणी करू नये काय, असे एका उपदेशकबंधूंनी मला विचारिले. प्रभूने जन्मांधाविषयी पाप कोणाचे हा वाद बाजूस सारून त्याचे डोळे उघडले. दुःख निवारणे हे त्याचेच काम होय. परंतु सावळा रंग हा रोग आहे काय? मुलगी असणे हा आजार आहे काय? पसंतीने घेतलेले लेकरू उद्या पसंतीस उतरले नाही, तर त्याने कोठे जावे?

माझाही दोष सांगतो. माझी धाकटी कन्या जन्मली तेव्हा भेटीस आलेल्या एका वडील बाईंनी पाळण्यात डोकावून म्हटले, "रंग बापावर गेला हो, आतापासून हुंडा जमवा." मी हसलो. पाळक असून हसलो. माझी पत्नी बाजेवर पडून ऐकत होती. तिने भिंतीकडे तोंड फिरविले.

ती कन्या आता नऊ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने आईस विचारिले, "मी गोरी असते, तर बाबांना जास्त आवडले असते का?" आईने तिला माझ्याकडे पाठविले. मी तिला जवळ बसवून ती पाळण्याची गोष्ट सांगितली, आणि तिची क्षमा मागितली.