आजचं मनन: नीतिसूत्रे १२:१०



काल ऑफिसमधून छावणीतल्या घरी आलो तर ट्री आडवा आणि मनीच्या तोंडात चमकीची माळ. आधी ओरडलोच तिच्यावर. प्रभूची कृपा, गिळली नव्हती. चमकी पोटात गेली तर आतडी गोळा होतात, मांजर दगावूही शकतं.

नीतिमान माणूस मुक्या जिवाची काळजी घेतो, असं आजचं वचन शिकवतं. हौस माझी होती, चूक तिची कशी?

आता चमकी काढली, शेंडा खिडकीच्या गजाला बांधला, खालच्या फांद्यांवर फक्त कापडी चांदण्या लावल्या. बाहेर जाताना लायटिंगचा प्लग काढतो.

प्रभू गव्हाणीत निजला. त्याच्याच वाढदिवसाला घरातला जीव धोक्यात, तर ट्री कुणासाठी?

प्रभू, हौशीपेक्षा जीव मोठा दिसू दे. आमेन.