गरी

आमच्या पडवीच्या वाशांत अजून एक चिव्याची काठी खोचलेली आहे. काका ती दिवाळीनंतर तोडून आणत, महिनाभर चुलीच्या धुरावर टांगत, आणि मग शेंड्याला दीड वाव तंगूस, भेंडाचा तुकडा आणि करंगळीच्या नखाएवढा गळ बांधत. या सगळ्या सामानाला आमच्याकडे गरी म्हणतात आणि ती घेऊन वहाळावर बसण्याला गरवणं.

वहाळ तो केवढा! दोन ढांगांत ओलांडावा असा. दोन्हीकडून करवंदीच्या जाळ्या वाकलेल्या, त्यामुळे तिथे लांब काठीचं काम नाही. गळाला गांडूळ, म्हणजे आमचा काडू, लावायचा, कोंडीच्या सावलीत हळूच सोडायचा आणि भेंडाकडे बघत बसायचं. भेंड हलतं, थांबतं, तिरकं होतं. एवढ्यात जो घाई करतो त्याचा मासा गेला. भेंड सरळ खाली ओढलं गेलं की मनगटाला नुसती एक हिसक. जाड काठीला लहान मासा लागल्याचं कळतही नाही, पण चिव्याच्या काठीला बोटभर खवळासुद्धा पार कोपरापर्यंत कळतो. ती थरथर एकदा हाताला लागली की माणूस आयुष्यभर वहाळावर जातो.

हे लिहिताना अडखळायला होतं. कारण ती थरथर म्हणजे माशाची जीव वाचवायची धडपड. आनंद तिथूनच येतो. सावली, पाणी, किलबिल हे सगळं खरं, पण तेवढ्यासाठी कुणी गळ बांधत नाही.

1994 साली, नोकरीला लागल्यावर, मी मुंबईहून एक घडीची फायबरची काठी आणली. सोबत पिसांच्या खोट्या माश्यांची डबी. मासा पकडायचा आणि परत सोडायचा, हात आधी ओले करायचे म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर जात नाही, हे सगळं मी शिकून आलो होतो. काकांनी ती पिसाची माशी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "आमचो काडू तरी खरो असता." मग मी पहिला खवळा काढला, ओल्या हातांनी सोडवला, पाण्यात सोडला. वाटलं, शाबासकी मिळेल. काका म्हणाले, "खावचो नाय तर तेका टोचलंस कित्याक रे?"

मला उत्तर सुचलं नाही. रात्री सुचलं: तुम्ही मारता, मी निदान जगू देतो. पण ते काकांना सांगायचा धीर झाला नाही, आणि बरंच झालं. पोटासाठी टोचणाऱ्यापेक्षा गंमत म्हणून टोचणारा वरचढ कसा, हे मला आजही नीट मांडता येत नाही.

काका काही संत नव्हते. पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतात यायचे, गाभोळीने भरलेले, तेव्हा तेही सगळ्यांबरोबर कंदील घेऊन धावायचे. आणि श्रावणात? घरात मासा शिजत नसे, तरी काका गरी घेऊन वहाळावर. मिळालेलं श्रावण न पाळणाऱ्या शेजाऱ्यांकडे देऊन यायचे. म्हणजे कालवण हे निमित्त होतं, हात शिवशिवत होते. हे त्यांना कळत असणारच, कारण श्रावणात जाताना ते मागच्या दाराने जात.

महाडजवळ वाळण कोंडीत महाशीर आहेत, देवीचे म्हणून त्यांना कुणी धरत नाही, लोक कुरमुरे घालतात. तिथे हा प्रश्न देवीने सोडवला. आमच्या वहाळाला देवी नाही. मध्यंतरी कुणीतरी वरच्या कोंडीत ब्लिचिंग पावडर टाकली. पांढरी पोटं वर करून सगळे तरंगले, बोटाएवढी पिल्लं, खेकडे, झिंगे, सगळे. ज्याने टाकली त्याला मासे हवे होते, गरवणं नको होतं. गरीवाला दुपारभर बसून पाच मासे नेतो, कारण त्याला बसायचंच असतं. पण ही माझ्या बाजूची वकिली झाली. त्या पाचांना विचारलं तर ते काय सांगतील?

काका गेल्यावर मी फायबरची काठी पुतण्याला देऊन टाकली. आता चिव्याचीच काढतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतो. निम्मे मासे त्यामुळे निसटतात, निसटू देत.

गेल्या मार्गशीर्षात एका खवळ्याने गळ थेट घशात घेतला. हात ओले करून, जमेल तितक्या हळू काढला, पण कल्ल्यातून रक्त आलं. पाण्यात धरून ठेवला. सोडला की कुशीवर व्हायचा. पुन्हा धरला, पुन्हा कुशीवर. वितीएवढाच होता. शेवटी टॉवेलात गुंडाळून घरी आणला. बायको म्हणाली, एवढ्याशा माशाचं काय कालवण करायचं? मीच केलं, तिरफळं आणि कोकम घालून. खवळ्याला काटे फार. बराच वेळ जेवत बसलो होतो.