आनंदवनातली भाजी

कुष्ठरोगावर आज खात्रीचं औषध आहे. सहा महिने किंवा वर्षभर नेमानं गोळ्या घेतल्या की रोगजंतू मरतात, माणूस बरा होतो. पण बधिर झालेल्या बोटांत जाणीव बहुतेकदा परत येत नाही. मग हा बरा झालेला माणूस रोज तळपाय पाण्यात भिजवतो, तेल चोळतो आणि कुठं काटा रुतलाय, कुठं फोड आलाय ते नीट न्याहाळतो. चहाचा गरम पेला फडक्यात धरतो. हाताला कळत नाही ते नजरेला शिकवायचं, तेही कधीकधी उतारवयात. सोपं नाही हो!

कुष्ठरोग झालेल्या माणसांना घेऊन बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं. खडकाळ रान होतं. विहीर खणली, जमीन कसली, भाजी पिकली. आणि ती घ्यायला कुणी येईना! मनातल्या भीतीवर उपचारांची गरज गावालाही होती म्हणायची. १९५४ साली परदेशी तरुण स्वयंसेवक तिथं येऊन राहिले, राबले, तिथलंच अन्न जेवले. ते पाहून गावकरीही हळूहळू भाजी नेऊ लागले.

मला या गोष्टीत ते गिऱ्हाईक फार मोलाचं वाटतं. दान देणारा हळहळून निघून जातो. गिऱ्हाईक घासाघीस करतं, वांगी किडकी निघाली तर भांडतं, आणि जाताना उद्यासाठी अर्धा किलो बाजूला ठेवायला सांगतं.