हजेरी आणि जिव्हाळा

अध्यापनाची पदविका पदरात पाडून आणि नेमणुकीचा हुकूम खिशात घालून तरुण शिक्षक प्रथमच वर्गात पाऊल टाकतो, तेव्हा धाक बसवावा की लाडीगोडी लावावी, या दोहोंतच त्याचे मन हेलकावत असते. आणि पहिल्या दिवशी डोळे वटारले नाहीत तर पोरे डोक्यावर बसतील, असे बजावणारी जुनी मंडळी प्रत्येक शाळेत असतातच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केल्यामुळे छडी, निदान कागदोपत्री, हद्दपार झाली; परंतु तिच्या जागी आलेली लाडिक लोकप्रियता मला तितकीच निरुपयोगी वाटते, कारण आपल्याशी गोड बोलणारा कोण आणि आपल्याला ओळखणारा कोण, हे मुलांना फार लवकर उमगते.

अंमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी आलेले साने गुरुजी १९२४ साली तेथील हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. त्यांच्या वात्सल्याचे गोडवे सारेच गातात. पण वात्सल्य ही स्वभावाची देणगी असल्याने ती कोणत्याही परिपत्रकाने उत्पन्न होत नाही. अनुकरणीय आहे ती त्यांची कार्यपद्धती. मुलांच्या खोल्या स्वतः झाडणारा आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवणारा शिक्षक मुलांच्या दिनक्रमात रोजच्या रोज वावरत होता, आणि त्या वावरण्यातूनच त्याला मुले कळत गेली. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात शिक्षक शेतकरी वर्गातले असावेत, गरज पडल्यास नांगर धरू शकणारे असावेत, असा जो आग्रह धरला, त्याच्या मुळाशीही मुलांत सहज मिसळणारा आणि त्यांच्या गरजा जाणणारा माणूस हवा, हीच अपेक्षा होती.

बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू होणाऱ्या नवशिक्याची खरी कसोटी दसरा-दिवाळीच्या सुमारास लागते. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी, ज्यांना त्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात, बिऱ्हाड ट्रक-ट्रॅक्टरवर लादून साखर कारखान्याची वाट धरतात. आणि पाचवी-सहावीतली मुलगी, आईबाप पहाटे उसाच्या फडात गेल्यावर कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायला हवी म्हणून, त्यांच्याबरोबर जाते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ती परतली आणि गुरुजींनी ‘इतके दिवस कुठे होतीस?’ असे दरडावून विचारले, तर तिच्यापाशी उत्तर असूनही ती ते देणार नाही.

याउलट, ज्याने दसऱ्यापूर्वीच वस्तीवर जाऊन कोणाच्या घरचे कोणत्या कारखान्यावर निघाले, मागे आजी राहणार की नाही, ही विचारपूस केली, त्याच्या शब्दाला बापाच्या लेखी वजन येते. अशा मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची तजवीज केली आहे. परंतु वयात येऊ लागलेली लेक मागे ठेवायला आईचा जीव धजत नाही, आणि तिची भीती निराधारही नसते. ‘बाई इथं आहेत ना, मग राहू द्या तिला,’ हे वाक्य त्या आईच्या तोंडून यावे यासाठी शिक्षिकेने सहा महिने तिच्या दाराशी येणे-जाणे ठेवलेले असावे लागते. वर्गातली शिस्त, अभ्यासातली गोडी, घरी घडलेले सांगण्याचा मोकळेपणा, हे सारे याच परिचयाच्या पोटी येते.

अर्थात, पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राबणाऱ्या, निवडणुकीच्या याद्या आणि माहितीचे तक्ते यांत गुरफटलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करताना संकोच वाटतो. म्हणून माझे मागणे त्याच्याकडे नाही. ते मुख्याध्यापकांकडे आणि केंद्रप्रमुखांकडे आहे. दसऱ्याच्या आगेमागे आठवडाभर तरी नव्या शिक्षकाला तक्ते भरण्यातून मोकळे करा आणि दुपारनंतर वस्त्यांवर पाठवा. तक्ते सुट्टीनंतर भरता येतात, ट्रक मात्र थांबत नाहीत.