पहिली फळी

दुकान फुटले की पहिला प्रश्न येतो, कोणी फोडले? दुसरा, कोणाचे होते? तिसरा, किती गेले? या तीन प्रश्नांसाठी पोलीस आहेत, वार्ताहर आहेत, पुढारी आहेत आणि पुढे वर्षानुवर्षे चालणारे खटले आहेत. पण चौथा एक प्रश्न असतो. तो त्याच रात्री सोडवावा लागतो आणि सहसा कोणी विचारत नाही. उघडे पडलेले हे दुकान आता झाकणार कोण?

तसे काम साधे आहे. आजचे शटर पत्र्याच्या पट्ट्यांचे असते. दगड किंवा सब्बल बसली की पट्ट्या वाकतात, बाजूच्या खाचेतून निसटतात. मग शटर वरही जात नाही, खालीही येत नाही, मध्येच लोंबकळत राहते. पूर्वीच्या दुकानांना सुट्या फळ्या असत. त्यांच्यावर आकडे टाकलेले असत, त्या क्रमाने खाचेत सरकवायच्या, आडवा दांडा घालायचा आणि कुलूप लावायचे. एक फळी फुटली तर सुतार दुसरी करून देई. शटरचे तसे नाही. त्याला वेल्डर लागतो, आणि गावात गडबड असेल तर वेल्डर मिळत नाही. अशा वेळी दोन टिनाचे पत्रे, चार फळ्या, एखादा बांबू, तार आणि मूठभर खिळे एवढ्यावर भागते. आधी विजेचे मेन स्विच बंद करायचे, काचा बाजूला लोटायच्या, मग पत्रा ठोकायचा. अर्ध्या तासाचे काम. पण त्या अर्ध्या तासासाठी कोणाला तरी स्वतःच्या घराची कडी काढून बाहेर यावे लागते. नैतिक प्रश्न तिथेच सुरू होतो.

आम्ही कुहीकडची माणसे. नागपूर आमच्यापासून सुमारे 40 किलोमीटर. 2019 साली बंद होईपर्यंत नागभीडची छोटी गाडी कुहीवरून थेट इतवारीला जात असे. इतवारी, गांधीबाग, महाल ही आमच्या दुकानदारांची माल भरण्याची ठिकाणे. तिथले शटर पडले की इकडच्या फळीवरचा माल संपतो. म्हणून 17 मार्च 2025 च्या रात्री महालात आणि हंसापुरीत जे घडले, ते आमच्यासाठी दूरचे नव्हते. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा, या मागणीसाठी त्या दिवशी महालात आंदोलन झाले. तिथे जाळलेल्या कापडावर पवित्र मजकूर होता अशी बातमी पसरली. संध्याकाळी दगडफेक सुरू झाली आणि रात्री गाड्या जळाल्या, घरांवर दगड आले, दुकाने फुटली. 11 पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. ती पूर्णपणे उठली 23 मार्चला. त्याच्या आदल्या दिवशी जखमींपैकी एकाचा रुग्णालयात मृत्यू झाला. ती रमजानच्या 16 व्या रोजाची रात्र होती, आणि ईद होती 31 मार्चला. वर्षभराची कमाई ज्या पंधरवड्यात होते, तोच पंधरवडा हातून गेला.

संचारबंदीचा एक अर्थ आपण नीट समजून घ्यायला हवा. ज्याचे दुकान फुटले तो बहुधा तिथे नसतोच. दुकान एका गल्लीत, घर दुसऱ्या मोहल्ल्यात, आणि मध्ये पोलिसांचे कठडे. तो फोनवर एवढेच विचारू शकतो, ‘भाऊ, शटर शाबूत आहे का?’ उत्तर देणारा असतो समोरच्या घरातला किंवा शेजारच्या गाळ्यातला माणूस. तो कोणत्या धर्माचा आहे हे अशा रात्री फार मोठे होते, आणि तो काय करतो हे त्याहून मोठे होते.

आपल्या भागातले एक दृश्य सर्वांच्या ओळखीचे आहे. कुही, मांढळ, भिवापूर हा मिरचीचा पट्टा. सातऱ्यावर लाल मिरची पसरलेली असते, बाया देठ तोडत बसलेल्या असतात आणि अचानक आभाळ भरून येते. मग ताडपत्री कोणाची, मिरची कोणाची, असे कोणी विचारत नाही. जो जवळ असेल तो टोक धरतो. वादळात एखाद्या दुकानावरचे टिन उडाले तरी तेच होते. वारा कोणत्या पक्षाचा, हा प्रश्नच नसतो. मग तेच दुकान माणसाच्या हाताने फुटले की आपले हात का थबकतात?

कारण हाताने फोडलेल्या दुकानाला बाजू असते. त्याला पत्रा ठोकणे म्हणजे एक बाजू घेणे आहे असे आपल्याला वाटू लागते. आपले लोक काय म्हणतील? फोडणारे आपल्याला ओळखून ठेवतील का? पोलिसांनी आपल्यालाच उचलले तर? ही भीती खोटी नाही. संचारबंदी मोडून बाहेर जा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. पण भीती आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीव वाचवण्यासाठी घरात राहणे ही भीती. ‘त्यांनी आमचे फोडले तेव्हा कोण आले होते?’ असे म्हणून घरात राहणे हा हिशेब. भीती सकाळी ओसरते, हिशेब वर्षानुवर्षे चालतो.

आपल्या वाचकांना सूरह कहफमधली मूसा आणि खिज्र यांची हकीकत ठाऊक आहे. दोघे प्रवासात एका गावी पोचतात. भुकेले असतात, गावाकडे खायला मागतात, गाव नकार देते. त्याच गावात पडायला आलेली एक भिंत दिसते आणि खिज्र ती उभी करतात. मूसांना नवल वाटते. निदान मजुरी तरी घ्यायची, असे ते म्हणतात. पुढे उलगडा होतो की ती भिंत दोन अनाथ मुलांची होती, तिच्याखाली त्यांच्या हक्काचे धन होते आणि ती मुले मोठी होईपर्यंत ते झाकलेले राहायला हवे होते.

आमच्या प्रश्नाचे सगळे धागे या हकीकतीत आहेत. भिंत उभी करायला कोणी सांगितले नव्हते. मोबदला नव्हता. गावाचा तर उपकार नव्हताच, उलट अपमान होता. गावाने काय दिले, हे खिज्रांनी पाहिले नाही. भिंतीच्या आड कोणाचा हक्क आहे, एवढेच पाहिले.

फुटलेल्या दुकानाच्या आड कोणाचा हक्क असतो? मालकाचा तर असतोच. पण शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे कापड असते, त्यात कोणाचे ईदचे कपडे असतात, कोणाचे लग्नातले. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत दहा घरांचे फोन असतात. किराणा दुकानात उधारीची वही असते आणि तीत अख्ख्या गल्लीची अब्रू लिहिलेली असते. नोकराचा पगार त्याच गल्ल्यातून निघतो. दुकान एकाच्या नावावर असते, त्यातली अमानत मात्र अनेकांची असते. पहिली फळी ठोकणारा त्या सगळ्या अमानतीवर पहारा बसवतो.

इथे कोणी म्हणेल, खिज्रांना ज्ञान दिले गेले होते, आपल्याला ते नाही. बरोबर आहे. भिंतीखाली काय आहे हे त्यांना ठाऊक होते. आपण दुसऱ्याच्या मालकीला हात लावतो तो अंदाजाने. म्हणून आपल्या हाताला शिस्त हवी. या शिस्तीचा विचार कायद्यानेही केला आहे. रस्त्यावर विखुरलेला माल जो आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 71 ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकते. म्हणजे माल उचलून घरात ठेवला तर तो आपला होत नाही, आपण त्याचे राखणदार होतो. आपल्या परंपरेतला अमानत हा शब्द हेच सांगतो. उचललेल्या वस्तूंची यादी करावी, दोन माणसे साक्षीला ठेवावीत, मालकाला फोनवर सांगावे. नियत साफ असली तरी वही साफ असणे वेगळे, आणि दंगलीनंतर वहीची गरज जास्त असते.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. फुटलेले ताबडतोब झाकले तर पुरावा जातो. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला नवा पत्रा दिसतो, वाकलेले शटर दिसत नाही. काचा झाडून टाकल्या की दगड कुठून आला हे कळत नाही. विमा असेल तर कंपनीच्याही दोन अपेक्षा असतात. नुकसान वाढू देऊ नका, आणि पाहणीआधी पुरावा हलवू नका. झाकले नाही तर उरलेला माल जातो, झाकले तर दाद मागण्याचा आधार जातो. हा पेच खरा आहे, पण सुटणारा आहे. आधी फोटो, मग फळी. दगड फेकून न देता एका पोत्यात घालून ठेवावेत. वाकलेल्या पट्ट्या भंगारात देऊ नयेत. आतले, बाहेरचे, पाटीसह फोटो काढून मालकाला पाठवावेत.

पण फोटोने सगळे भागत नाही. पंचनाम्याला पंच लागतात, आणि इथे आपल्या समाजाचीच नव्हे, सगळ्या समाजांची कसोटी लागते. ‘साहेब, आम्ही काही पाहिले नाही’ असे म्हणून दारे लागतात. ज्याने रात्री हिमतीने पत्रा ठोकला, तोही सकाळी सही करायला कचरतो. आमच्या मते पंचनाम्यावरची शेजाऱ्याची सही ही दुसरी फळी आहे. पहिली मालाचे रक्षण करते, दुसरी सत्याचे. पहिली लावून दुसरी नाकारणारा दुकान झाकतो आणि त्याबरोबर गुन्हाही झाकतो. आपल्या लोकांनी फोडले असेल तेव्हा तर ही सही अधिक जड जाते, आणि तेव्हाच ती अधिक गरजेची असते. आपल्या मोहल्ल्यातल्या पोराचा हात दिसला असेल तर तो दिसला नाही असे म्हणणे ही मोहल्ल्याची सेवा होत नाही.

तिसरा आक्षेप असा की हे काम सरकारचे आहे, शेजाऱ्यांनी ते केले की सरकार सुटते. नागपुरात शासनाने भरपाई जाहीर केली, ती दंगेखोरांकडून वसूल करू असेही सांगितले. 24 मार्चला एका आरोपीचे घर बुलडोझरने पाडले गेले. अशी पाडकामे करण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजीच बजावले होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईला स्थगिती दिली आणि पुढे महापालिका आयुक्तांना न्यायालयाची माफी मागावी लागली. गुन्हा सिद्ध होण्याआधी पाडलेल्या भिंतीने फुटलेले एकही शटर सरळ होत नाही. भरपाई, तपास, निवाडा ही शासनाचीच कामे आहेत आणि शेजाऱ्याच्या फळीने त्यातले एकही कमी होत नाही. पण शासन सकाळी येते. फुटलेले दुकान रात्रभर उघडे असते.

इंग्लंडमधले एक उदाहरण इथे उपयोगी आहे. साउथपोर्ट या गावी 29 जुलै 2024 रोजी लहान मुलींवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर मुस्लिम आहे अशी खोटी बातमी पसरली आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या मशिदीवर जमाव चालून गेला, तिची भिंत पाडली गेली. त्याच्या पुढच्या सकाळी गावातले गवंडी विटा आणि माल घेऊन आले आणि ती भिंत बांधू लागले. त्या देशात 2016 चा दंगल भरपाई कायदा आहे, भरपाई पोलीस यंत्रणेकडून मागता येते. पण गवंड्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही, आणि गवंडी आले म्हणून कायदाही रद्द झाला नाही. शेजारधर्म आणि राज्यधर्म एकमेकांची जागा घेत नाहीत, दोन्ही आपापल्या जागी लागतात.

त्याच देशात 7 ऑगस्टला हल्ल्याच्या भीतीने अनेक दुकानदारांनी आधीच फळ्या ठोकल्या होत्या. त्यात चूक काही नाही. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही तवक्कुलची शिकवण आपल्याला आहेच. पण फुटण्याआधी ठोकलेल्या फळीत एक दुःख असते. ती समोरच्या प्रत्येक चेहऱ्याला सांगते की मला तुझी खात्री नाही. फुटल्यानंतर शेजाऱ्याने ठोकलेली फळी उलट बोलते. लाकूड तेच, खिळे तेच. फरक पडतो तो ठोकणारा कोण यावर. त्या संध्याकाळी हजारो माणसे हल्लेखोरांच्या विरोधात रस्त्यावर उतरली आणि अनेक ठिकाणी त्या फळ्यांची गरजच पडली नाही.

कुरआनात नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याचाही उल्लेख आहे, सूरह निसाच्या 36 व्या आयतीत. आपण हे वाचतो, वाझमध्ये ऐकतो, आणि शेजारी म्हटले की नकळत आपल्यासारखाच माणूस डोळ्यांपुढे आणतो. बाजारात तसे नसते. आपल्या गाळ्याची भिंत ज्याच्या गाळ्याला लागून आहे तो हमसाया. तिथे अंतर मोजायचे ते भिंतीचे. त्याची भिंत फुटली की आपलीही अर्धी उघडी पडते, हे तर निव्वळ व्यवहारानेही खरे आहे.

म्हणून आमचे सांगणे मोठ्या गावांपेक्षा आपल्यासारख्या लहान बाजारांना आहे. कुहीसारख्या ठिकाणी अजून प्रत्येकाला प्रत्येकाचे दुकान माहीत आहे. हे भांडवल शांततेच्या दिवसांतच कामी लावायचे असते. प्रत्येक ओळीतल्या दुकानदारांनी एकमेकांचे फोन नंबर लिहून ठेवावेत. शेजारच्या दुकानाचा मेन स्विच कुठे आहे हे माहीत असावे. चार पत्रे, दोन ताडपत्र्या आणि हातोडा कोणाकडे आहे हे ठरलेले असावे. ‘मी नसेन तेव्हा माझे दुकान झाकायची तुला परवानगी आहे’ असे एकमेकांना तोंडी नव्हे, लिहून द्यावे. हे लिहून देताना दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला आधी द्यावे, कारण त्या रात्री तिथे पोचू शकणारा तोच असण्याची शक्यता जास्त आहे. दंगल होऊ नये अशी दुआ आपण सगळेच करतो. त्या दुआबरोबर घरातले दोन पत्रेही मोजून ठेवावेत.